खांद्याची फाटलेली कंडरा: शिवायची केव्हा, कशी आणि कुणाची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या फोंड्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना खांद्याबद्दल जितके प्रश्न कानावर येतात तितके गुडघ्याबद्दलही येत नाहीत. शस्त्रक्रिया मी करत नाही. पण तिच्याआधी काही महिने आणि तिच्यानंतर सहा महिने तो खांदा माझ्या हाताखाली असतो, त्यामुळे कोणता टाका टिकला आणि कोणता उसवला हे जवळून पाहायला मिळतं. इतक्या वर्षांत एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. ज्यांनी धावत यायला हवं ते तेल चोळत घरी बसतात आणि ज्यांना तीन महिन्यांचा व्यायाम पुरला असता ते एमआरआयचा कागद घेऊन थेट ऑपरेशनची तारीख मागतात. खालची उत्तरं या दोघांसाठी लिहिली आहेत.

रोटेटर कफ म्हणजे काय? ‘खांद्याची शीर फाटली’ म्हणतात ते हेच का?

हेच. फक्त ती शीर नसते, कंडरा असते. स्नायूचं टोक दोरीसारखं घट्ट होऊन हाडाला चिकटतं, ती कंडरा; डॉक्टर तिला टेंडन म्हणतात. पाठीच्या फऱ्यावरून, म्हणजे खांद्यामागच्या सपाट हाडावरून, निघालेले चार स्नायू खांद्याच्या गोळ्याला पुढून, वरून आणि मागून कवेत घेतात: पुढे सबस्कॅप्युलॅरिस, वर सुप्रास्पायनेटस, मागे इन्फ्रास्पायनेटस आणि टेरेस मायनर. या चौघांच्या कंडरा एकमेकींत मिसळून जी टोपी होते ती रोटेटर कफ.

टोपी लागते कशाला? खांद्याची खोबण फार उथळ असते. बशीवर नारळ ठेवावा तसा दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यावर टेकलेला असतो. हात वर उचलताना दंडावरचा मोठा डेल्टॉइड स्नायू त्या गोळ्याला वर खेचतो आणि कफ त्याला बशीत दाबून धरतो. कफ फाटला की नारळ बशीवरून सरकतो. हात उचलताना ‘काहीतरी अडकतंय’ असं वाटतं ते यामुळे. सगळ्यात जास्त फाटते ती वरची, सुप्रास्पायनेटसची कंडरा.

मी पडलो नाही, मार लागला नाही. मग फाटली कशी?

बहुतेकांची अशीच फाटते, झिजून. चाळिशीच्या आत हे क्वचित दिसतं, साठीनंतर मात्र इतकं सर्रास की ज्यांना काहीच दुखत नाही त्यांच्या खांद्यातही सोनोग्राफीत फाट सापडते. एका खांद्याची कंडरा फाटून दुखत असेल आणि वय ६६च्या पुढे असेल, तर न दुखणाऱ्या दुसऱ्या खांद्यातही फाट असण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास असते. वय, विडी-सिगारेट, मधुमेह, घरात कुणाला हाच त्रास असणं आणि वर्षानुवर्षं हात डोक्यावर नेऊन केलेलं काम, या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. आपल्याकडचे माडावर चढून नारळ पाडणारे पाडेली, रंगारी, किनाऱ्यावरून रापणीचं मोठं जाळं ओढणारे, घरोघरी छताची जळमटं काढणाऱ्या बाया, अशांचे खांदे मी नेहमी पाहते.

दुसरा प्रकार मार लागून फाटण्याचा. पावसात स्कूटर घसरते, अंगणातल्या शेवाळावर पाय सरकतो, चिऱ्याच्या पायऱ्यांवर माणूस हातावर आपटतो. दरवर्षी चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दोन दिवसांत माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधताना स्टुलावरून पडलेलं कुणी ना कुणी येतंच. हा प्रकार निराळा आहे आणि त्याची घाईही निराळी. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

हात वर जात नाही म्हणजे फ्रोझन शोल्डरच ना?

हा घोटाळा फार होतो, विशेषतः मधुमेही माणसांत. एक साधी ओळख आहे. फ्रोझन शोल्डरमध्ये खांदा कुलूप लावल्यासारखा असतो. तुम्ही उचलला तरी जात नाही आणि दुसऱ्याने उचलून पाहिला तरी जात नाही. कफ फाटलेला असेल तर स्वतःला उचलता येत नाही, पण दुसऱ्याने हळूच उचलला तर वर जातो आणि हात सोडला की धपकन खाली येतो. कधीकधी दोन्ही एकत्र असतात, म्हणून घरच्या घरी निकाल लावू नका. पण पडल्यानंतर हात उचलेनासा झाला असेल आणि कुणी ‘फ्रोझन आहे, वर्षभरात आपोआप सुटेल’ म्हणालं, तर तेवढ्यावर थांबू नका.

रात्री त्या कुशीवर झोपता न येणं, दंडाच्या बाहेरच्या बाजूला कोपरापर्यंत उतरणारी कळ, वरच्या फळीवरचा डबा काढताना हात गळून जाणं, या फाटलेल्या कफच्या नेहमीच्या तक्रारी. कळ कोपराच्या खाली बोटांपर्यंत मुंग्या घेऊन जात असेल तर आधी मान तपासायला हवी.

एमआरआयमध्ये ‘फाटली’ असं आलंय. आता ऑपरेशन करावंच लागेल?

नाही. हे मी रोज सांगते, आणि रोज समोरचा माणूस माझ्याकडे अविश्वासाने पाहतो. ‘फाटलेलं कापड शिवल्याशिवाय कसं जुळेल?’ जुळत नाही, हे खरं. पूर्ण फाटलेली कंडरा व्यायामाने परत चिकटत नाही. पण हात चालण्यासाठी तेवढी एकच कंडरा नसते. उरलेले स्नायू, फऱ्याला धरून ठेवणारे स्नायू आणि डेल्टॉइड यांना नीट तयार केलं तर बशीवरचा नारळ पुष्कळदा सांभाळला जातो.

अमेरिकेत साडेचारशे रुग्णांचा एक मोठा अभ्यास झाला. सगळ्यांची कंडरा मार न लागता पूर्ण जाडीने फाटलेली होती आणि सगळ्यांना आधी ठरावीक व्यायाम दिला. दोन वर्षांत चारांतल्या साधारण एकालाच शस्त्रक्रिया लागली. ज्यांना लागली त्यांच्यातल्या बहुतेकांचा निर्णय पहिल्या बारा आठवड्यांतच झाला होता. त्यामुळे झिजून फाटलेल्या खांद्याला मी बारा आठवडे मागते. प्रामाणिकपणे केलेले बारा आठवडे. दोन दिवस केले आणि जत्रेला गेले असे नव्हेत.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. नॉर्वेत १०३ रुग्णांवर एक चाचणी झाली, तीन सेंटिमीटरपर्यंतच्या फाटींवर. अर्ध्यांना शस्त्रक्रिया, अर्ध्यांना व्यायाम. पहिल्या काही वर्षांत फरक लहान होता. दहा वर्षांनी पाहिलं तेव्हा तो वाढला होता आणि शिवलेले खांदे सरस ठरले होते. न शिवलेली फाट काहींमध्ये हळूहळू मोठी होते आणि स्नायू वाळत जातो, त्याचा हा परिणाम. म्हणून पन्नाशीतल्या, हाताने कष्ट करणाऱ्या माणसाला आणि पंच्याहत्तरीतल्या, देवपूजा आणि नातवंडं सांभाळणाऱ्या आजींना मी एकच सल्ला देत नाही. कागदावरची फाट दोघांची सारखी असली तरी.

मग घाई कुणी करायची?

कृपा करून हे उत्तर पूर्ण वाचा.

काल-परवापर्यंत हात व्यवस्थित वर जात होता, पडलात किंवा जोराचा हिसका बसला आणि त्यानंतर हात उचलेनासा झाला, तर दोन आठवड्यांच्या आत हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. एक्स-रे काढून ‘हाड मोडलेलं नाही’ एवढं ऐकून समाधान मानू नका. एक्स-रेत कंडरा दिसत नाही. सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतं.

इतकी घाई का? कंडरा हाडापासून सुटली की स्नायू तिला रबरासारखा मागे ओढतो. जसजसे महिने जातात तसतसं ते टोक आत जाऊन चिकटतं आणि स्नायूच्या जागी चरबी भरत जाते. ही चरबी नंतर शिवूनही फारशी परत जात नाही. पहिल्या तीन महिन्यांत जी कंडरा सहज जागेवर येते ती वर्षभराने ओढूनही येत नाही, आणि आली तरी ताणाखाली शिवावी लागते.

माझ्याकडे एक पाडेली काका आले होते. माडावरून उतरताना तोल गेला, शेवटच्या चार हातांवरून पडले, उजव्या हातावर. एक्स-रे चांगला आला. मग सात महिने तेल, लेप आणि हाडवैद्याचं खेचणं. माझ्यापर्यंत पोचले तेव्हा फऱ्यावरचा स्नायू बसून खड्डा पडला होता. शिवण्याची वेळ निघून गेली होती. वय अवघं त्रेपन्न, घर त्या हातावर चालणारं. मी त्यांना काय सांगणार होते? अशा एका माणसाला हे वाचून कुणी दुसऱ्याच आठवड्यात दवाखान्यात नेलं तरी मला खूप आहे.

आणखी एक: चाळिशीनंतर खांदा निखळला आणि तो बसवून दिला, तर काम संपलं असं समजू नका. या वयात खांदा निखळताना कफ फाटण्याचं प्रमाण बरंच असतं. दोन-तीन आठवड्यांनीही हात उचलत नसेल तर पुन्हा तपासा. कफ फाटला असेल किंवा खांद्याची नस ताणली गेली असेल.

एमआरआयच्या अहवालात नेमकं काय बघायचं?

चार गोष्टी. फाट अर्धी आहे की पूर्ण जाडीची. लांबी-रुंदी किती: एक सेंटिमीटरच्या आत लहान, एक ते तीन मध्यम, तीन ते पाच मोठी, पाचाच्या वर अतिमोठी. कंडरेचं टोक किती मागे सरकलंय. आणि स्नायूत चरबी किती भरलीय. शेवटचा मुद्दा लोक वाचतच नाहीत, खरं तर शिवलेलं टिकेल की नाही हे त्यावर बरंच ठरतं. चरबीला ० ते ४ अशी श्रेणी देतात. २ म्हणजे चरबी आहे पण स्नायू जास्त, ३ म्हणजे दोन्ही सारखे, ४ म्हणजे चरबीच जास्त. ३-४ लिहिलं असेल तर नुसत्या शिवण्याने ताकद परत येईल अशी आशा धरू नये.

पूर्वी खांदा उघडून करायचे, आता दुर्बिणीने. दुर्बिणीचंच चांगलं का?

बॉस्टनच्या डॉ. अर्नेस्ट कॉडमन यांनी फाटलेला कफ शिवल्याची नोंद १९११ साली प्रसिद्ध केली. त्यानंतर अनेक दशकं चीर देऊन, डेल्टॉइड स्नायू हाडापासून सोडवून ही शस्त्रक्रिया होत असे. पुढे डेल्टॉइड न सोडवता त्याच्या तंतूंमधून तीन-चार सेंटिमीटरच्या चिरेतून शिवण्याची मिनी-ओपन पद्धत आली आणि १९९०च्या दशकापासून दुर्बिणीची पद्धत रुळली.

दुर्बिणीत जखम लहान, सुरुवातीचं दुखणं थोडं कमी, आणि सांध्याच्या आतली प्रत्येक बाजू दिसते. पण ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत दोन वर्षांनंतर दोन्ही पद्धतींच्या रुग्णांत फरक उरला नव्हता. म्हणून तुमचे सर्जन लहान चिरेतून उत्तम शिवत असतील तर ‘जुनी पद्धत’ म्हणून नाराज होऊ नका. ज्या हाताला जी पद्धत सवयीची, ती चांगली.

दुर्बिणीने शिवतात म्हणजे आत काय काय करतात?

पेशंटला आरामखुर्चीत रेलल्यासारखं बसवतात, नाहीतर कुशीवर निजवून हात वजनाने ताणून ठेवतात. खांद्याभोवती पेन्सिलीच्या जाडीची तीन ते पाच छिद्रं. एकातून दुर्बीण, बाकीच्यांतून हत्यारं. आत सलाइनचं पाणी सतत सोडलेलं असतं, म्हणजे जागा फुगते आणि रक्त धुऊन जाऊन स्वच्छ दिसतं. (त्याच पाण्याने शस्त्रक्रियेनंतर खांदा आणि छातीची वरची बाजू सुजलेली दिसते. एक-दोन दिवसांत ती सूज उतरते, घाबरू नका.)

आधी सांध्याच्या आत पाहणी होते: कूर्चा कशी आहे, बायसेप्सची कंडरा कशी आहे, पुढची सबस्कॅप्युलॅरिस शाबूत आहे का. मग दुर्बीण सांध्यावरच्या जागेत नेतात, सुजलेली बर्सा नावाची पिशवी साफ करतात आणि फाटलेल्या कंडरेचं टोक शोधतात. ते पकडून ओढून बघतात. ताण न देता जागेवर येतंय का? येत नसेल तर चिकटलेले धागे चहूबाजूंनी सोडवतात. माझ्या मते सगळ्या शस्त्रक्रियेची परीक्षा इथे असते. ताणाखाली शिवलेलं फार दिवस टिकत नाही, हे कुठलीही शिवणकाम करणारी बाई सांगेल.

मग हाडाची ती जागा, जिथून कंडरा सुटली, ती घासून खरबरीत करतात, थोडं रक्त येईपर्यंत. काही सर्जन बाजूला बारीक छिद्रंही पाडतात, म्हणजे मगजातल्या पेशी तिथे झिरपतात. कंडरा हाडाला जोडते ती या ओल्या जागेमुळे. नंतर हाडात अँकर बसवतात. अँकर म्हणजे धागे ओवलेली छोटी खुंटी, धातूची, पीक नावाच्या प्लास्टिकची, हळूहळू विरघळणाऱ्या पदार्थाची किंवा नुसत्या धाग्याचीच. त्यातले धागे वाकड्या सुईच्या चिमट्याने कंडरेतून आरपार काढून गाठी मारतात, किंवा गाठ न मारता दुसऱ्या खुंटीत आवळतात. एकूण वेळ साधारण एक ते दोन तास.

एक गोष्ट नीट समजून घ्या. टाके कंडरेला फक्त जागेवर धरून ठेवतात. हाडाशी जुळण्याचं काम शरीर करतं आणि त्याला बारा आठवडे तरी लागतात.

‘सिंगल रो’ आणि ‘डबल रो’ काय आहे? डबलचे पैसे जास्त सांगितलेत.

सिंगल म्हणजे अँकरची एक रांग. डबलमध्ये एक रांग आत, कूर्चेच्या कडेला, आणि दुसरी बाहेरच्या बाजूला हाडावर. आतले धागे कंडरेवरून तिरपे नेऊन बाहेरच्या रांगेत आवळले की माटोळीच्या चौकटीवर काथ्या आवळावा तशी कंडरा हाडावर सपाट दाबून बसते. याला सूचर ब्रिज म्हणतात. जास्त जागा हाडाला टेकते, म्हणून जोड पक्का होण्याची संधी वाढते.

तीन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या फाटीत डबल रोने परत फाटण्याचं प्रमाण कमी होतं. लहान फाटीत रुग्णाला जाणवेल असा फरक सहसा नसतो आणि दोन जास्तीचे अँकर म्हणजे खर्च वाढतो. शिवाय डबल रो कधी फाटलाच तर तो आतल्या बाजूला, स्नायूच्या जवळ फाटतो आणि ते दुरुस्त करणं जास्त जड जातं. कंडरा आखूड झाली असेल तर ताणून डबल रो करण्यापेक्षा ताणाविना सिंगल बरा.

माझी अर्धीच फाटली आहे.

निम्म्या जाडीच्या आत असेल तर बहुधा व्यायामच. निम्म्याहून जास्त असेल आणि तीन-सहा महिन्यांचा व्यायाम करूनही दुखणं हटत नसेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. राहिलेला भाग तसाच ठेवून आतून टाका घालतात, किंवा फाट पूर्ण करून नेहमीसारखी शिवतात. दोन्ही चालतात.

‘हाड घासून जागा मोठी करू’ असं सांगितलंय.

खांद्याच्या छताचं हाड खालून घासण्याची ही शस्त्रक्रिया १९७२पासून, डॉ. नीअर यांच्या लेखानंतर, जगभर फार झाली. मग २०१८ साली ब्रिटन आणि फिनलंडमध्ये खोट्या शस्त्रक्रियेशी तुलना करणाऱ्या चाचण्या आल्या. कंडरा पूर्ण फाटलेली नसताना, केवळ दुखण्यासाठी हाड घासल्याने जाणवेल असा फायदा झाला नव्हता. कफ शिवताना खाली खरंच टोचणारं हाड असेल तर ते काढणं वेगळं. पण फाट नसताना फक्त घासण्याचा सल्ला मिळाला असेल तर दुसरं मत जरूर घ्या.

डिस्चार्जच्या कागदावर ‘बायसेप्स टेनोटॉमी’ लिहिलंय. न विचारता काहीतरी कापलं का?

बायसेप्सची लांब कंडरा कफच्या शेजारून सांध्यात शिरते आणि बऱ्याचदा तीही झिजलेली असते. ती तशीच ठेवली तर कफ शिवूनही दुखत राहतं. म्हणून ती सोडून देतात, टेनोटॉमी. किंवा सोडून खाली हाडाला बांधतात, टेनोडेसिस. सोडून दिली तर दंडावर गोळा दिसू शकतो आणि काहींना पेटके येतात. ताकद मात्र फारशी जात नाही. हे शस्त्रक्रियेच्या आधी तुम्हाला समजावून सांगायलाच हवं, त्यामुळे संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी विचारा.

कंडरा जागेवर येतच नसेल तर?

इथे वाटा फुटतात आणि वय, कष्ट आणि स्नायूची अवस्था पाहून ठरवावं लागतं.

पुष्कळदा पूर्ण नाही तरी थोडी शिवता येते. फाटीच्या दोन कडा एकमेकींना शिवून भोक लहान करतात आणि मागची-पुढची बाजू हाडाला बांधतात. पुढचा आणि मागचा स्नायू समतोल ओढू लागले की वरचं थोडं भोक राहूनही हात उचलता येतो. मी असे खांदे पाहिले आहेत. माणसं वरच्या फळीवरचा डबा काढतात, वेणी घालतात.

तरुण, कष्टकरी माणसात कफ शिवण्यापलीकडे गेला असेल तर दुसऱ्या स्नायूची कंडरा वळवून आणतात, पाठीचा लॅटिसिमस किंवा मानेखालचा ट्रॅपिझियसचा खालचा भाग. सांध्याची वरची बाजू ग्राफ्टने, म्हणजे दुसरीकडून आणलेल्या ठिगळाने, झाकण्याची एक पद्धत जपानचे डॉ. मिहाता यांनी पुढे आणली. सांधा झिजलेला नसेल अशा निवडक रुग्णांतच तिचा विचार करतात. सांध्यावर विरघळणारा फुगा ठेवण्याची पद्धतही आली होती. ब्रिटनच्या २०२२च्या चाचणीत फुगा न घातलेल्यांचेच निकाल बरे आले, तेव्हा त्यासाठी पैसे मोजण्याआधी हे ध्यानात असू द्या.

सत्तरीच्या आसपासच्या, हात खांद्याच्या वर जातच नाही आणि सांधाही झिजला आहे अशा माणसासाठी रिव्हर्स शोल्डर हा बदली सांधा आहे. फ्रान्सचे डॉ. पॉल ग्रामाँ यांनी १९८५ साली तो आणला. यात गोळा आणि खोबण यांची अदलाबदल करतात: फऱ्याकडे गोळा, दंडाकडे वाटी. मग कफशिवाय एकटा डेल्टॉइड हात उचलू शकतो. जड ओझी वाहणाऱ्यांसाठी आणि तरुणांसाठी तो सहसा वापरत नाहीत.

भूल कशी देतात?

बहुधा संपूर्ण भूल, जोडीला मानेजवळ नसा बधिर करणारं इंजेक्शन. त्याने बारा-अठरा तास हात लाकडासारखा होतो. श्वासपटलाची त्या बाजूची नसही काही वेळ झोपते, म्हणून दमा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. बधिरपणा उतरला की एकदम कळ येते, बहुधा मध्यरात्री. गोळी त्याआधीच घ्या, दुखायची वाट पाहू नका.

शस्त्रक्रियेनंतरचे दिवस कसे असतात?

चार ते सहा आठवडे स्लिंग, बहुधा कमरेशी छोटी उशी असलेली. बोटं, मनगट, कोपर पहिल्या दिवसापासून हलवायची. खांदा स्वतःच्या ताकदीने उचलायचा नाही. सर्जनने परवानगी दिली की पुढे वाकून हात लोंबकळत ठेवून हलके झोके, आणि फिजिओने उचललेल्या हालचाली. सहाव्या आठवड्यानंतर चांगल्या हाताच्या मदतीने, मग स्वतःहून. बाराव्या आठवड्यानंतर रबर बँड आणि ताकदीचे व्यायाम. लहान फाटीत हालचाल थोडी लवकर सुरू करतात. मोठ्या फाटीत उशिरा, कारण थोडासा आखडलेला खांदा मोकळा करता येतो, उसवलेला टाका नाही.

सगळ्यात धोक्याचा काळ सहा ते बारा आठवड्यांचा. दुखणं कमी झालेलं असतं, स्लिंग निघालेली असते, माणसाला वाटतं झालं बरं. मग कोणी कळशी उचलतं, कोणी कदंबाच्या बसमध्ये वरची दांडी धरतं आणि ड्रायव्हर ब्रेक मारतो. परत फाटणाऱ्या बहुतेक कंडरा पहिल्या काही महिन्यांतच फाटतात.

आपल्या हवेतली एक अडचण पुस्तकात सापडत नाही. स्लिंगमध्ये काख घामाने ओली राहते आणि मे महिन्यात किंवा पावसाळ्यात तिथे खाज, पुरळ, बुरशी येते. रोज पुढे वाकून हात लोंबता सोडा, काख पुसून कोरडी करा, मऊ सुती कापडाची घडी ठेवा. सदरा घालताना शस्त्रक्रियेचा हात आधी, काढताना शेवटी. पुढून बटणांचे कपडे काढून ठेवा. मावशींनो, नायटीही पुढून उघडणारी.

झोप पहिले महिनाभर तरी अवघड जाते. पाठीला उशा लावून अर्धवट बसून झोपा आणि कोपराखाली एक उशी ठेवा.

स्कूटर, माड, होडी… कधी?

कार साधारण दोन ते तीन महिन्यांनी. स्कूटर तीन महिन्यांनंतर आणि तेही सर्जनने हो म्हटल्यावर, कारण आपल्या रस्त्यांवर पडण्याची भीती जास्त. टेबलावरचं काम दोन-तीन आठवड्यांत, स्लिंग घालून. खोवणीवर नारळ खवणं तीन-चार महिन्यांनी. रापण ओढणं, पोती, पालखीला खांदा, शिगम्याचा ढोल: सहा महिन्यांच्या आत नाही. माडावर चढणं तर त्याहून उशिरा आणि ताकद मोजून मगच. पूर्ण सुधारणा वर्षभर चालू राहते.

एवढं करून परत फाटते का?

फाटू शकते. लहान फाटीत कमी, अतिमोठ्या फाटीत पुष्कळ. २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोठ्या आणि अतिमोठ्या फाटी दुर्बिणीने शिवलेल्या १८ जणांपैकी १७ जणांत सोनोग्राफीवर परत फाट दिसली. तरीही त्यांच्यातल्या बहुतेकांचं दुखणं कमी झालं होतं आणि हात चांगला वर जात होता. तेव्हापासून पद्धती सुधारल्या आहेत. तरी सोनोग्राफीत भोक दिसलं म्हणून शस्त्रक्रिया वाया गेली असं लगेच म्हणू नये. हात काय करतो ते पाहावं.

बाकीचे धोके: खांदा आखडणं, क्वचित जंतुसंसर्ग, नसेला इजा. जखमेतून पाणी येणं, ताप, वाढता ठणका यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी सर्जनना गाठा.

मधुमेह आहे. विडीही ओढतो.

दोन्ही कंडरेच्या जोडणीच्या मुळावर येतात. साखर वाढलेली असेल तर जखम उशिरा भरते आणि खांदा जास्त आखडतो. एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ८च्या खाली आणूनच तारीख घ्यावी असं मी सुचवते. विडी-सिगारेट निदान महिनाभर आधी बंद आणि नंतरचे तीन महिने पूर्ण बंद. काका, कंडरेला आधीच रक्त कमी मिळतं. तेही धुराने आटवलं तर ती जुळणार कशी?

आधी एखादं इंजेक्शन घेऊन पाहू का?

स्टेरॉइडचं एखादं इंजेक्शन दुखणं दाबून व्यायामाला वाट करून देतं, त्यात वावगं नाही. पण तीन-चार वेळा घेतलं तर कंडरा कमकुवत होते. शस्त्रक्रियेच्या आधीच्या महिन्यात तर घेऊच नका, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. पीआरपीचे, म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स वेगळ्या काढून टोचण्याचे, निकाल अजून संमिश्र आहेत. ते फाटलेली कंडरा जोडून देतं, असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही.

खर्चाचं काय?

बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं सरकारी रुग्णालय, आहे, आणि २०१६पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. गोव्यात पाच वर्षं राहणाऱ्या कुटुंबाला तीन माणसांपर्यंत वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त माणसं असतील तर चार लाखांपर्यंतचं संरक्षण. तुमच्या शस्त्रक्रियेचं नाव त्या यादीत कोणत्या पॅकेजखाली येतं आणि अँकरचा खर्च त्यात धरला आहे का, हे रुग्णालयातल्या योजनेच्या खिडकीवर तारीख घेण्यापूर्वी विचारा. खर्चाचा मोठा भाग अँकरचा असतो, म्हणून किती लागतील हेही विचारून ठेवा.

आणि फिजिओथेरपीचा हिशेब आधीच करा. वाळपई किंवा काणकोणहून आठवड्यात तीनदा पणजीला येणं सहा महिने झेपत नाही. माणसं दीड महिन्यात यायची थांबतात. घराजवळ कोण करतं ते आधी शोधा, सर्जनकडून व्यायामाचा कागद लिहून घ्या आणि तो तिथे द्या.

चवथ दीड महिन्यावर आली आहे. ऑपरेशन त्यानंतर केलं तर चालेल?

कंडरा झिजून हळूहळू फाटली असेल, दोन वर्षं दुखतंय, तर हो, खुशाल. चवथ करा, तोवर व्यायाम चालू ठेवा, साखर आटोक्यात आणा. गेल्या पंधरवड्यात पडून हात उचलेनासा झाला असेल तर नाही. त्या दीड महिन्यात कंडरा मागे सरकेल. माटोळी यंदा धाकट्या भावाला बांधू द्या, तुम्ही खाली खुर्चीवर बसून कुठलं फळ कुठे ते सांगा.